फणसाआडचा जावई

लुतालो जगातल्या कुणाच्याही हातात काहीही नेऊन देऊ शकत होता. अपवाद फक्त एका बाईचा, आणि ती बाई म्हणजे त्याची सासू.

यात भांडणतंटा काही नव्हता. उलट सासू-जावयाचा एकमेकांवर इतका जीव की प्रॉसी, म्हणजे त्याची बायको, कधी कधी रुसायची. पण लुतालोच्या बगांडा जमातीत सासू-जावयानं जवळ यायचं नसतं. हातात हात द्यायचा नाही, एका खोलीत जेवायचं नाही, समोरासमोर तोंड बघायचं नाही आणि तिच्या अंथरुणाला तर चुकूनही शिवायचं नाही. शिवलं तर ओबुको लागतो. हात थरथरायला लागतात आणि मरेपर्यंत थांबत नाहीत. लुतालोच्या एका चुलत्याचे हात असेच थरथरत. चहाचा कप तोंडाशी जाईपर्यंत अर्धा मांडीवर. तरुणपणी हे महाशय पिऊन सासुरवाडीला गेले आणि अंधारात सासूच्याच खाटेवर जाऊन बसले, असं गावात सांगत. डॉक्टरनं त्या आजाराला वेगळंच नाव दिलं होतं. लुतालो डॉक्टरला खोटं म्हणत नसे. पण डॉक्टरला दिवसभर गाडी हाकायची नव्हती, लुतालोला होती. ज्याचं पोट हातांवर आहे त्यानं हातांशी पैज लावू नये, एवढं त्याला कळत होतं.

कंपालाच्या नातेते भागातल्या एका पार्सल कंपनीची पांढरी व्हॅन तो चालवायचा. लोकांना वाटतं, ड्रायव्हरचं काम म्हणजे चाक धरून बसणं. चाक धरणं हा तर त्यातला आराम. सकाळी गाडीचं पाणी बघा, टायर बघा, ब्रेक दाबून बघा. मग माल भरा, आणि तोही उलटा, म्हणजे ज्याचं घर शेवटी त्याचा माल सगळ्यात आत. गाद्या उभ्या, आरसे गाद्यांच्या मध्ये, फ्रिज-कपाटांवर जाड कांबळी, आणि दोर असा आवळायचा की खड्ड्यात गाडी उडाली तरी आतला माल जागचा हलता कामा नये. मग फोन. "सेबो, साहेब, तुमचं घर कुठं?" "पूर्वी गिरणी होती ना, तिच्या पलीकडे." गिरणी कधीच पडलेली असते आणि ती कुठं होती हे सांगणाराही देवाघरी गेलेला असतो. तरी घर शोधायचं. माल ज्याच्या नावाचा त्याच्याच हातात द्यायचा, त्याच्या भावाच्या नाही, शेजाऱ्याच्या तर नाहीच. त्याच्या देखत खोका उघडायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा, फोटो काढायचा. आणि गाडीत माणूस घ्यायचा नाही. लुकायाच्या नाक्यावर कोंबड्या बगलेत मारून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या रोज त्याला शिव्या देत, त्या या शेवटच्या नियमापायी.

हे झाले कंपनीचे नियम. लुतालोचे स्वतःचे काही वेगळे होते. एकदा परदेशात वारलेल्या माणसाची बॅग त्याच्या बायकोला नेऊन द्यायची होती. बाईनं बॅग उघडली आणि वरचाच शर्ट तोंडाला लावून खाली बसली. सही झालेली होती, फोटो झालेला होता, गाडीत अजून निम्मा माल होता. लुतालो उंबऱ्यावर बसून राहिला, तिची बहीण येईपर्यंत. ऑफिसात बसून सगळ्या गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या अकेलोनं त्या दिवशी त्याला फोनवर सोलून काढला.

आणि प्रत्येक दारातून निघताना तो एक प्रश्न विचारायचा. कंपनीच्या कुठल्याही नियमात तो नव्हता.

"सगळं नीट पोचलं का?"

पोचलं म्हणाले की मगच गाडीत बसायचा.

सासूचं गाव त्याच्याच वाटेवर होतं. मसाकाच्या रस्त्यानं निघालं की लुकायाच्या पुढं आत वळायचं, केळीच्या बागांतून तांबड्या वाटेनं जायचं. सासूबाईंचं नाव एसेझा. नवरा वारलेला, मुलगा इसाया दुबईला चौकीदार, मुलगी लुतालोला दिलेली. घरात एकट्या. दर खेपेला लुतालो मीठ, साखर, साबण असं काहीबाही घेऊन जायचा. पण द्यायचं कसं? त्यावर दोघांनी न बोलता एक रीत पाडली होती. तो वाटेवर दोनदा हॉर्न वाजवायचा. मग पडवीतल्या स्टुलावर पिशवी ठेवायचा आणि अंगणाच्या कडेला असलेल्या फणसाच्या झाडाआड जाऊन पाठ करून उभा राहायचा. सासूबाई बाहेर यायच्या. उजव्या पायातली चप्पल फरफटायची, त्यावरून त्याला कळायचं.

"आई, सगळं नीट पोचलं का?" तो झाडाला विचारल्यासारखं विचारायचा.

"नीट पोचलं," सासूबाई स्टुलाला सांगितल्यासारखं सांगायच्या.

मग चप्पल आत फरफटत जायची. तो वळून बघायचा तर स्टुलावर केळीच्या पानात बांधलेल्या उकडलेल्या शेंगा, नाहीतर भाजलेली गोंजा केळी. कधी घाई नसली तर पानात वाफवलेली कोंबडीसुद्धा, कारण जावई आला आणि कोंबडी नाही असं कसं होईल. तो ती झाडाखाली बसून खायचा. आतून आवाज यायचा, "आज हॉर्न चिडका वाजला. भांडलात का दोघं?"

"नाही आई. रस्त्यात पोलिसानं अडवलं."

"मग पोलिसाचा राग माझ्या कोंबड्यांवर काढू नका. अंड्यावरनं उठल्या त्या."

इतक्या वर्षांत त्यानं सासूबाईंचा चेहरा धडपणे असा पाहिला नव्हता. लग्नात त्या तोंडावर कापड ओढून बसल्या होत्या. पण त्यांच्या आवाजावरून त्यांनी आज जेवण केलं आहे की नाही हे तो सांगू शकायचा. चेहरा बघून नांदणाऱ्या किती जणांना एवढं जमतं, कुणास ठाऊक.

त्या वर्षी, लग्नाला पुष्कळ वर्षं होऊन गेल्यावर आणि लोकांनी विचारायचंही सोडून दिल्यावर, प्रॉसीला दिवस गेले. लुतालोनं ही बातमी झाडाआडून सांगितली. आत भांडं पडल्याचा आवाज आला आणि सासूबाई एकट्याच मोठ्यानं देवाचं गाणं म्हणायला लागल्या.

पुढं दोन-तीन महिन्यांनी त्या केळीच्या बागेत घसरून पडल्या. खुबा मोडला. मसाकाच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, पण पायानं काही धरलं नाही. घरी आल्या त्या खाटेवरच. मुलगी लांब, तीही अवघडलेली. शेजारची नोरा दोन वेळा येऊन सगळं करायची. नोरा त्या गावात लांबून, दुसऱ्या मुलखातून लग्न होऊन आलेली. नात्यागोत्यातली नव्हती, म्हणून तिच्यासमोर उभं राहायला लुतालोला मोकळीक होती. जीभ तिखट, कंबर दुखरी, मन सोन्याचं.

आता हॉर्न वाजला की नोरा पिशवी आत न्यायची. लुतालो सवयीनं विचारायचा, "आई, सगळं नीट पोचलं का?" आणि आतून कितीतरी वेळानं बारीक आवाज यायचा, "नोरा म्हणते पोचलं." हे उत्तर ऐकलं की त्याला जेवण जायचं नाही.

एके दिवशी सासूबाई आतून म्हणाल्या, "नोरा, त्यांना सांग. प्रॉसीला म्हणावं, बाळ झाल्यावर इकडं आणू नको."

"का?" नोरानंच विचारलं.

"आडव्या पडलेल्या माणसापुढं मूल आणतात ते निरोप घ्यायला. मला उठून बसता येत नसेल तर मला ते मूल दाखवू नका."

लुतालोनं घरी जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं नाही, तरी प्रॉसीला कळायचं ते कळलं. तिनं रडून भावाला फोन केला. इसायानं दुबईत जादा पाळ्या केल्या आणि कंपालाच्या एका दुकानातून आईसाठी चाकाची खुर्ची विकत घेतली.

दुकानानं ती पोचवायला दिली लुतालोच्याच कंपनीकडं. मसाकाच्या रस्त्याला लुतालोशिवाय आणखी एकच ड्रायव्हर होता, तो नेमका तापानं फणफणलेला.

"चाकाच्या खुर्चीचा नियम माहीत आहे ना?" सकाळी माल भरताना अकेलोनं विचारलं. "खोका टाकून यायचं नाही. खुर्ची जोडायची, माणसाला तिच्यात बसवायचं, ब्रेक कसा लावायचा ते दाखवायचं, बसलेल्या माणसाचा फोटो काढायचा. मागं एकानं नुसता खोका दिला तर घरच्यांनी त्या खुर्चीवरून पाण्याचे कॅन वाहिले. माणूस बसवला नाही तर खुर्ची परत दुकानात."

"आणि परत कधी निघणार?"

"पुढच्या महिन्यात, जमलं तर."

प्रॉसीचे दिवस भरत आले होते. पुढच्या महिन्यात मूल जगात आलेलं असणार होतं.

"अकेलो, ती माझी सासू आहे."

अकेलो उत्तरेकडची, लांगो मुलखातली. तिनं कपाळाला हात लावला. "तुम्ही बगांडा माणसं! आमच्याकडं सासू जावयाला समोर बसवून त्याचे दोष मोजते. तुमच्याकडं ती भिंतीआडून कोंबडी वाढते. बघ बाबा, कसं जमवतोस ते. खुर्ची रिकामी परत आणू नकोस म्हणजे झालं."

गावाला पोचला तर गाव ओस. मुखिया वारला होता आणि सगळी माणसं त्याला मूठमाती द्यायला गेली होती. कुणाच्या मयताच्या दिवशी त्या गावात शेतावर कुदळसुद्धा कुणी हातात धरत नाही. फक्त नोरा मागं राहिली होती, सासूबाईंजवळ.

लुतालोनं दोनदा हॉर्न वाजवला. अंगणात खोका उघडून खुर्ची जोडली. चाकं बसवली, पाय ठेवायच्या पट्ट्या लावल्या, ब्रेक दाबून बघितला. मग खुर्ची नोराच्या हवाली करून झाडाआड गेला आणि तिथून ओरडून एकेक गोष्ट सांगायला लागला.

"खुर्ची खाटेला लावा. आधी ब्रेक लावा, नोराकाकू."

"लावला."

"दोन्ही बाजूंचे?"

"दोन असतात होय?" आतून नोरा म्हणाली, आणि त्याच क्षणी चाक घसरल्याचा आवाज आला. पाठोपाठ काहीतरी पडल्याचा. मग सासूबाईंच्या तोंडून एक हुंकार. ओरडणं नव्हे, ओरडणं दाताखाली दाबल्यावर जे उरतं ते.

"काय झालं?"

"पडली," नोरा रडवेली होऊन म्हणाली. "खाट आणि खुर्चीच्या मध्ये बसलीय जमिनीवर. लागलं नाही म्हणते. पण मला उचलवत नाही हो जावईबापू. माझी कंबर गेली."

"गावात कुणीच नाही?"

"सगळे मातीला. आता येतील ते संध्याकाळी, जेवून-बिवून."

लुतालो झाडाआडून बाहेर आला. अंगण ओलांडून, पडवीतल्या स्टुलाच्या पुढं, दाराच्या बाजूला येऊन थांबला. आयुष्यात एवढा पुढं तो कधी आला नव्हता.

त्याला जसा त्यांच्या चपलेचा आवाज पाठ होता, तसा सासूबाईंना त्याच्या बुटांचा. आतून सासूबाईंचा आवाज आला, एकदम करडा.

"नोरा, त्यांना म्हणावं, तिथंच थांबा."

"ते म्हणतात..."

"ऐकलं मी त्यांचं मन. त्यांना सांग, मी जमिनीवर बरी आहे. जमीन काही कुणाला टाकत नाही. लोक येतील तेव्हा उचलतील. त्यांनी खुर्ची घेऊन जावं."

"आई, खुर्ची परत गेली तर महिन्याभरात येणार नाही."

"न येवो."

"आणि बाळ?"

मग सासूबाई हळू बोलल्या, पण मध्ये नोरा आहे हे विसरून थेट त्याच्याशीच बोलल्या. "तुमच्या हातांवर माझी पोर जगतेय. तिच्या पोटातलं जगायचंय. ते हात उद्या थरथरायला लागले तर चाक कोण धरणार? माझ्या बसण्या-उठण्यापायी तुमचे हात मी घालवू? माझं काय राहिलंय आता."

लुतालोनं आपल्या हातांकडं बघितलं. त्याला चुलत्याचा कप आठवला. भीती वाटत नव्हती असं नाही. पण आत एक म्हातारं माणूस मातीच्या जमिनीवर मोडका पाय घेऊन बसलं होतं, आणि ते स्वतःसाठी नाही, त्याच्या हातांसाठी घाबरलं होतं.

"आई," तो म्हणाला, "हे हात तुमच्या पोरीसाठी आहेत म्हणता ना? मग तुम्हाला जमिनीवर टाकून मी घरी गेलो, तर हेच हात तिला कोणत्या तोंडानं दाखवू?"

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या.

"नोरा," सासूबाई म्हणाल्या, "त्यांना विचार, कपाट नेतात तेव्हा कशात गुंडाळतात?"

"ऐकलंय त्यांनी. मी काय पोपट आहे?"

"जाड कांबळ्यात, आई."

"आणि उचलताना विचारतात का, आत कोण आहे म्हणून?"

"नाही. बांधलेला माल बांधलेलाच उचलायचा."

"मग आण ते कांबळं. मला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळ, नोरा. बांधलेल्या मालाला नातं नसतं."

नोरानं कांबळं नेलं. आत बरीच ओढाताण आणि कुजबुज झाली. "नाक तरी मोकळं ठेव, मेल्ये." "मग बघतील ना ते." "नाक बघून कुणाला काही होत नाही." शेवटी नोरानं दारात येऊन खूण केली.

लुतालोनं बूट काढले. मान एका बाजूला वळवली, भिंतीकडं नजर लावली आणि सासूच्या खोलीत पाऊल टाकलं. भिंतीवर प्रॉसीचा शाळेतला फोटो होता. त्यानं त्याच्यावरच डोळे खिळवले आणि पायानं चाचपत पुढं गेला. आधी त्यानं खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावले. मग गुडघे टेकले, एक हात कांबळ्याच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली.

केवढंसं ते वजन. सामानानं भरलेल्या पेट्या उचलून त्याच्या दंडांना वजनाची सवय होती, आणि इथं ते दंड जास्तीच्या जोरानं वर आले. या एवढ्याशा बाईनं इतकी वर्षं त्याला कोंबड्या खाऊ घातल्या होत्या.

"हळू," कांबळ्यातून आवाज आला. "कपाट नाहीये मी."

"नाजूक मालच आम्ही सांभाळून नेतो, आई."

"वरची बाजू वर ठेवा म्हणजे झालं."

कांबळं हसून हललं. नोरा तोंडावर हात धरून हसली. लुतालोनं तो गुंडाळलेला जीव खुर्चीत अलगद ठेवला, कमरेचा पट्टा लावला, पाय पट्ट्यांवर टेकवले आणि मान भिंतीकडं ठेवूनच उलट्या पावली बाहेर पडला. खाटेला तो शिवला नाही. झाडापर्यंत मात्र तो धावतच गेला.

जरा वेळानं चाकांचा किरकिर आवाज पडवीत आला.

"झाड दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. नोराला नाही, जावयाला नाही, कुणालाच नाही. "फणस लागलेत की यंदा. कुणी सांगितलं नाही मला."

नोरानं कागद नेऊन अंगठा आणला. लुतालोनं झाडाच्या आडूनच हात लांब करून, न बघता फोटो काढला आणि ऑफिसला पाठवला. लगेच अकेलोचा फोन.

"हा फणसाचा फोटो आहे."

"मागं खुर्ची आहे बघ."

"आहे. कुणीतरी बसलंयही. चेहरा कुठंय?"

"चेहरा मी स्वतः कधी बघितला नाही, तुला कुठून दाखवू?"

"बसवलंस?" तिनं वेगळ्याच आवाजात विचारलं.

"बसवलं."

"मग झालं. चालेल हा फणस."

निघताना त्यानं नेहमीसारखं विचारलं, "आई, सगळं नीट पोचलं का?"

"अजून नाही," सासूबाई म्हणाल्या. "मूल आलं की सांगेन."

गाडीत बसून किल्ली लावायला गेला तर किल्ली लागेना. हात थरथरत होता. दुसरा बघितला, तोही. लुतालोनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघत बसला. लागला ओबुको, त्याच्या मनात आलं. इतक्यात शर्टावर काहीतरी टपकलं. तेव्हा कुठं त्याला कळलं की थरथरत होता तो सगळाच, खांद्यापासून, आणि तो रडत होता. तोंड पुसलं, पाणी प्यायला. मग किल्ली लागली.

तरी भीती काही गेली नाही. रोज सकाळी चहाच्या आधी तो हात समोर धरून बघायचा. "काय बघतोयस?" प्रॉसीनं विचारलं. "नखं वाढलीत," तो म्हणाला. तिला नोराकडून सगळं कळलेलं होतं. तिला गुडघ्यावर वाकता येत नव्हतं तरी ती वाकली आणि तिनं ते हात आपल्या पोटावर ठेवून घेतले. आत कुणीतरी लाथ मारली. त्या दिवशी त्यानं नखांची गोष्ट परत काढली नाही.

अशा चुकीला जुन्या लोकांनी एक उतारा सांगून ठेवला आहे. सासूला एक कापड द्यायचं, नवंकोरं, अंग झाकायला. म्हणजे झालं गेलं झाकलं जातं. पुढच्या खेपेला लुतालोनं मऊ सुती कापड नेलं आणि स्टुलावर ठेवलं. पडवीत चाकं किरकिरली.

"हे कशाला?" सासूबाईंनी विचारलं. "मी गुंडाळलेली होते. तुम्ही काही बघितलं नाही."

"नाक बघितलं, आई."

"मग घेते," सासूबाई म्हणाल्या.

मुलगी झाली. नीट झाली, रडकी, काळीभोर, डोक्यावर जावळ. प्रॉसी हिंडूफिरू लागल्यावर लुतालोनं सुट्टी घेतली आणि तिघं सासुरवाडीला निघाली. कंपनीच्या गाडीत माणूस घ्यायचा नाही, मग तो तळहाताएवढा का असेना. म्हणून माणसं कोंबून नेणाऱ्या भाड्याच्या टॅक्सीतून, लोकांच्या कोंबड्या-गाठोड्यांत बसून गेली. वाटेवर उतरल्यावर लुतालोची पंचाईत झाली. हॉर्न कुठं होता? त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि तोंडानंच वाजवला, दोनदा. प्रॉसी हसून हसून थकली.

"आज हॉर्नला काय झालं?" घरातून आवाज आला. "सर्दी?"

लुतालो फणसाआड गेला, पाठ करून उभा राहिला. नोरानं त्याच्या हातात चहाचा कप आणून दिला. चांगला काठोकाठ भरला होता, ती भरताना कधी हात आखडत नसे. चाकांचा किरकिर आवाज पडवीत आला. पुढच्या वेळी तेल आणायला हवं, त्याच्या मनात आलं. मग त्याला पावलं ऐकू आली, प्रॉसी गुडघे टेकल्याचं ऐकू आलं, कापड उलगडल्याचं ऐकू आलं.

"हे कापड?" प्रॉसीनं विचारलं.

"तुझ्या नवऱ्यानं आणलंय. माझं अंग झाकायला म्हणून. माझ्या अंगाला काय करायचंय? ठेव तिला ह्यात. अशी. डोकं इकडं. मी बसलेय ना सरळ? बसलेय ना?"

"बसलीयस, आई."

मग काहीच ऐकू येईना. बाळाचा आवाज नाही, चाकाचा नाही. लुतालोनं इतक्या दारांत इतका माल दिला होता, पण दारातून उत्तर यायला इतका वेळ कधी लागला नव्हता. त्याला राहवेना.

"आई," त्यानं झाडाला विचारलं, "सगळं नीट पोचलं का?"

त्याच्या हातातल्या कपातला चहा हलला नाही. थरथर होती ती सासूबाईंच्या आवाजात.

"नीट पोचलं, बाळा," त्या म्हणाल्या. "नीट पोचलं."